टेलिफोनच्या तारेवरून पालघरला आलेलं कलम

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ मध्ये एक शब्द अडगळीत पडल्यासारखा होता: 'वारंवार'. त्रास, गैरसोय, अपमान, द्वेष अशी लांबलचक जंत्री देऊन झाल्यावर, त्यासाठी संगणकावरून 'वारंवार' खोटी माहिती पाठवणं हा गुन्हा, असं हे कलम म्हणे. फेसबुकवर एकदा लिहिलेलं हजारांना दिसतं. तिथे 'वारंवार'चं काय काम? हा शब्द संगणकाचा नव्हेच. तो टेलिफोनचा, पुन्हा पुन्हा घंटी वाजवून छळणाऱ्याला धरण्यासाठी घडवलेला. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात हे कलम रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने निकालपत्रातच त्याची वंशावळ दिली आहे. मूळपुरुष म्हणजे ब्रिटनच्या १९३५ च्या पोस्ट ऑफिस दुरुस्ती कायद्याचं कलम १०. मग १९५३ च्या कायद्याचं कलम ६६ (आकडा जुळतो तो योगायोगाने). मग पुढच्या पिढ्या, २००३ पर्यंत. आपल्या लोकसभेने डिसेंबर २००८ मध्ये चर्चेविना ६६-अ मंजूर केलं.

१९३५ चं हे कलम कोणासाठी झालं, यावर मात्र एकमत नाही. एक रूढ खुलासा असा, की एक्स्चेंजवर बसणाऱ्या मुलींशी अचकट-विचकट बोलणाऱ्यांना आवर घालण्यासाठी. ब्रिटिश न्यायाधीश लॉर्ड बिंगहॅम यांनी २००६ मध्ये कॉलिन्स खटल्यात वेगळं सांगितलं: जनतेच्या पैशावर चालणारी सेवा घाणेरड्या कामाला वापरली जाऊ नये, हा हेतू, ऐकणाऱ्याचं रक्षण हा नव्हे. त्यांची बाजू कच्ची नाही. 'अत्यंत आक्षेपार्ह' हे शब्द ब्रिटनच्या १८८४ च्या टपाल कायद्यात होते, आपल्या १८९८ च्या टपाल कायद्याच्या कलम २० मध्येही होते, आणि तिथे ते पाकिटावरच्या मजकुराबद्दल होते. १९३५ च्या कलमात ऑपरेटरचा उल्लेखही नाही. शिवाय लंडनमध्ये १९२७ पासून स्वयंचलित एक्स्चेंज येऊ लागली होती. तरी मला टेलिफोनवालीची बाजू सोडवत नाही. 'त्रास', 'विनाकारण काळजी' आणि 'वारंवार' हे शब्द पाकिटाला लागू पडत नाहीत, कानाला पडतात. आणि हाताने जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनवर पहिला कान तिचाच असे. सेवेची अब्रू राखायची होती असं म्हटलं तरी, फोन उचलणाऱ्याच्या लेखी ती सेवा म्हणजे तीच होती.

आता ती तिथे बसली कशी, तेही पाहू. १८७८ मध्ये बॉस्टनला एमा नट ही पहिली स्त्री ऑपरेटर नेमली गेली, कारण आधीची पोरं गिऱ्हाइकांशी उद्धट बोलत. मऊ आवाज ही तिची पात्रता. इंग्रजीत बाईच्या तोंडाचा दुसराही नमुना आहे: लंडनच्या बिलिंग्जगेट बाजारातल्या मासेवाल्यांमुळे, आणि त्यातही मासळीवाल्या बायकांमुळे, 'बिलिंग्जगेट' हा शब्दच शिवराळ भाषेसाठी कोशात जाऊन बसला. आपणही कोळणीच्या तोंडाला असंच बदनाम केलं आहे. सातपाटीच्या बाईने पापलेटचा भाव पडू दिला नाही, की गिऱ्हाईक भाव सोडून तिच्या जिभेवर घसरतं. एक बाई जपायची, दुसरी गप्प करायची. माझं म्हणणं असं, की 'आक्षेपार्ह' ही मोजपट्टी पहिलीसाठी बनली, आणि बाई स्वतः बोलू लागली की ती दुसरीत जमा होते.

सातपाटीला जायचं तर पालघर स्टेशनात उतरावं लागतं. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या याच पालघरमध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी, १८ नोव्हेंबर २०१२ रोजी, एका तरुणीने फेसबुकवर त्यानिमित्तच्या बंदविषयी प्रश्न केला आणि तिच्या मैत्रिणीने त्याला लाइक दिलं. जमावाने पहिलीच्या काकांचा दवाखाना फोडला. अटक झाली या दोघींनाही, याच ६६-अ खाली. १९४२ च्या पाच हुतात्म्यांची आठवण पाचबत्तीला जपणारं हे गाव! त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत अनिता सार्कीसियन या समीक्षिकेने व्हिडिओ गेममधल्या स्त्रीचित्रणावर मालिका करायला लोकांकडून पैसे मागितले, तर तिच्या चेहऱ्यावर क्लिक करून तिला मारण्याचा खेळच कोणी तरी बनवला. २०१४ मध्ये गोळीबाराच्या धमकीमुळे तिला युटा स्टेट विद्यापीठातलं व्याख्यान रद्द करावं लागलं. गेमर म्हणत, आमच्या आवडीचा अपमान झाला. पालघरचा जमाव म्हणे, भावना दुखावल्या. दुखावल्याचा दाखला दोन्हीकडे जमावाने आपला आपणच काढला.

यावर कोणी म्हणेल, पालघरच्या मुलींना मुली म्हणून पकडलं नाही. एप्रिल २०१२ मध्ये कोलकात्याचे प्राध्यापक अंबिकेश महापात्र हेही एका व्यंगचित्रापायी याच कलमात सापडले. मान्य. पण मग बायकांच्या नावाने जन्मलेलं कलम अखेर ज्याचा आवाज मोठा त्याचं झालं, एवढंच सिद्ध होतं. दुसरा आक्षेप जड आहे: हे कलम गेलं, तर ऑनलाइन खेळताना शिव्या-धमक्या खाणाऱ्या मुलीने जावं कुठे? तिच्यासाठी पाठलागाचं कलम आहे, २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत आलेलं ३५४-ड, जे आता न्याय संहितेत ७८ आहे. इंटरनेटवरचा पाठलागही त्यात येतो. खासगी छायाचित्रांसाठी ६६-ई, अश्लील मजकुरासाठी ६७ शाबूत आहेत. धमकी हा तर जुनाच गुन्हा. या कलमांत कृत्याचं नाव आहे. कोणाला किती लागलं, हे मोजायचं काम नाही. केरळने नोव्हेंबर २०२० मध्ये पुन्हा बायकांच्या बदनामीचं कारण देत आपल्या पोलीस कायद्यात कलम ११८-अ आणलं, आणि टीका होताच त्याच महिन्यात मागे घेतलं.

६६-अ मात्र मेल्यावरही चालत राहिलं. रद्द झालेल्या या कलमाखाली पोलीस गुन्हे नोंदवत होते. या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला १२ ऑक्टोबर २०२२ रोजी नव्याने काढावा लागला.