इझारचा शंभर वर्षांचा हिशेब

म्युनिकला आलो त्या पहिल्याच उन्हाळ्यात ऑफिसातल्या मित्राने विचारले, "नदीवर येतोस का पोहायला?" मी पक्का पुणेकर. नदीवर जायचे ते पूर बघायला, पुलावर उभे राहून, एवढेच मला ठाऊक! फ्लाउखरला पोचलो तर भर शहरात पांढऱ्या गोट्यांचा किनारा, हिरवट नितळ पाणी आणि त्यात डुंबणारी पोरेबाळे. "नशीबवान आहेत हो हे लोक," असे मी त्या रात्री फोनवर आईला सांगितले. पुढे इथला इतिहास वाचत गेलो, तेव्हा लक्षात आले की यात नशिबाचा वाटा फार थोडा आहे.

इझार येते टिरोलच्या कार्वेंडेल डोंगरांतून. पूर्वी ती दर पुरात पात्र बदलायची. एकोणिसाव्या शतकात तिला सरळ करून बांधांत बसवले. मग वीज आली, नदीचे पाणी कालव्यांत वळवायच्या योजना निघाल्या आणि काठच्या जमिनींवर बांधकामवाल्यांची नजर गेली. तेव्हा, १९०२ साली, गाब्रिएल फॉन झाइडल या वास्तुविशारदाच्या पुढाकाराने 'इझारटालफेराइन' ही इझारच्या खोऱ्यासाठीची संस्था स्थापन झाली. (आपण पाहुण्यांना हमखास दाखवतो ते नदीतल्या बेटावरचे ड्यॉइचेस म्युझियम, त्याची इमारतही याच झाइडलने योजलेली.) संस्थेची युक्ती साधी होती: काठची जमीन विकत घ्यायची, म्हणजे तिथे कोणी बांधायलाच नको.

जमीन अशी वाचली, पण पाणी वाचले नाही. १९२०च्या दशकात शहराच्या वरच्या अंगाला म्यूलटालचे वीजकेंद्र झाले आणि नदीचे बहुतेक पाणी कालव्यातून जाऊ लागले. पात्रात उरली बारीक धार. यात बेकायदा काही नव्हते. वीजकेंद्राकडे रीतसर परवाना होता आणि त्या काळी विजेची गरजही खरी होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर कायदा हळूहळू बदलत गेला. बव्हेरियाच्या १९४६च्या संविधानात, कलम १४१ मध्ये, निसर्गाचा आनंद घेण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. १९५७ साली पश्चिम जर्मनीचा जलकायदा झाला. पण म्यूलटालला फरक पडला तो जुन्या परवान्याची मुदत संपली तेव्हा, नव्वदच्या दशकात. नदीप्रेमी संस्था आधीपासून तयारीत होत्या. नवा परवाना मिळाला तो नदीसाठी पूर्वीपेक्षा बरेच जास्त पाणी सोडण्याच्या अटीवर. मला या साऱ्या कहाणीतला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. परवान्याला मुदत होती, म्हणून चूक सुधारायची संधी मिळाली.

१९९५ साली राज्य आणि शहर यांनी मिळून 'इझार प्लान' हाती घेतला. प्रत्यक्ष काम २००० ते २०११ चालले. सुमारे ८ किलोमीटर लांबीत बांधाचे काँक्रीट उखडले, पात्र रुंद केले आणि काठांना उतार दिला. खर्च सुमारे ३ कोटी ५० लाख युरो. शोभेसाठी एवढा खर्च? नाही, मंडळी! रुंद पात्रात पुराला पसरायला जागा मिळते, हा त्यातला मुख्य हिशेब होता. १९९९ आणि २००५ साली इझारला मोठे पूर आले होते. वरच्या गावांतल्या सांडपाणी केंद्रांमध्ये उन्हाळ्यात अतिनील किरणांनी जंतू मारायची सोयही झाली. २००० साली युरोपीय संघाचा जलविषयक निर्देश आला, आणि २०१० पासून लागू झालेल्या नव्या जर्मन जलकायद्यात तर नदीत किमान पाणी ठेवण्याचे कलमच आहे.

म्हणजे १९०२ पासून पाहिले तर दर पिढीला जुने संरक्षण अपुरे पडले आणि दर पिढीने त्यात भर घातली.

हे वाचताना मन मुठेकाठी जातेच. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटले, त्या दिवसाच्या आठवणी ऐकत आमची पिढी वाढली. आपल्याकडेही नियम आहेत. पूररेषा आहेत, निळी आणि लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे. पण नकाशावर एकदा ओढलेली रेषा वाढत्या शहराला आणि बदलत्या पावसाला किती वर्षे पुरणार? जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या एकता नगरीत लोकांच्या घरांत पाणी शिरले. त्या दिवशी मी इथून दिवसभर नातेवाइकांना फोन लावत होतो.

जर्मनी श्रीमंत आहे, तिथले आपल्याला कसे जमणार, असे म्हणणारे भेटतात. पण झाइडल आणि त्याच्या मित्रांनी सुरुवात केली ती वर्गणी काढून. आणि वर्गणी काढणे आपल्याला कोणी शिकवायला नको!

यंदा पुण्याहून पाहुणे आले की त्यांना फ्लाउखरला जरूर न्या. पाण्यात पाय सोडून बसा आणि हा हिशेब त्यांना सांगा.