राहतो तो 'इन्कोला'

हिवाळा सुरू झाला की गावाबाहेरच्या माळावर, झुडपाच्या अगदी शेंड्यावर बसलेला एक लहान पक्षी दिसू लागतो. आकार चिमणीएवढा, छाती तांबूस, शेपटीची सारखी हालचाल. हा गप्पीदास. त्याचे शास्त्रीय नाव 'सॅक्सिकोला मॉरस'. उन्हाळ्यात तो हिमालयात आणि त्यापलीकडे उत्तर व मध्य आशियात वीण करतो आणि हिवाळा आपल्याकडे काढतो. त्याचा भाऊबंद कवडा गप्पीदास, म्हणजे 'सॅक्सिकोला काप्राटा', मात्र बारा महिने इथेच असतो.

एकदा विद्यार्थ्यांना हे पक्षी दाखवत असताना आम्हाला दोन प्रश्न विचारले गेले. पहिला प्रश्न: या नावातला 'कोला' आणि बाटलीतला कोला एकच का? दुसरा: हिवाळ्यापुरता येणारा हा पक्षी इथला म्हणायचा की बाहेरचा?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. पेयाला 'कोला' हे नाव पश्चिम आफ्रिकेतल्या कोला नावाच्या झाडाच्या बियांवरून मिळाले. पक्ष्याच्या नावातला 'कोला' लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ 'राहणारा'. 'सॅक्सुम' म्हणजे खडक. म्हणून सॅक्सिकोला म्हणजे खडकात राहणारा. हे नाव १८०२ साली जर्मन निसर्गअभ्यासक बेखश्टाईन यांनी दिले. आपला गप्पीदास खडकापेक्षा झुडपांवरच जास्त दिसतो, तेव्हा नावाचा अर्थ शब्दशः घेऊ नये! लामार्क यांनी १८०१ साली वाळूत बीळ करून राहणाऱ्या एका समुद्री किड्याला 'अरेनिकोला', म्हणजे वाळूत राहणारा, असे नाव दिले. खाणविद्येचा पाया घालणाऱ्या सोळाव्या शतकातल्या जर्मन पंडिताचे नाव आग्रिकोला. त्याचे मूळ आडनाव 'बाउअर', म्हणजे शेतकरी. त्याचेच हे लॅटिन रूप.

शेतकरी आणि राहणारा यांना एकच प्रत्यय कसा? कारण 'कोलेरे' या लॅटिन धातूचे अर्थच तसे आहेत: जमीन कसणे, वस्ती करणे, जोपासणे, पूजा करणे. कॉलनी आणि अ‍ॅग्रिकल्चर हे आपल्या ओळखीचे शब्द याच धातूपासून निघाले. भाषाशास्त्रज्ञ हा धातू आणि संस्कृतातला 'चर्' एकाच मुळातून आलेले मानतात. म्हणजे आपले जलचर, वनचर, भूचर हे शब्द आणि लॅटिनमधली 'कोला'ची नावे ही दूरची भावंडे आहेत. संस्कृतात फिरण्याचा अर्थ ठळक राहिला, लॅटिनमध्ये स्थिरावण्याचा.

दुसऱ्या प्रश्नासाठी आपल्याला रोमन कायद्याकडे जावे लागते. 'कोलेरे'च्या मागे 'इन' लावून 'इन्कोला' हा शब्द झाला: एखाद्या ठिकाणी राहणारा, रहिवासी. त्याच्यासमोर दुसरा शब्द होता 'किविस', म्हणजे नागरिक. सम्राट जस्टिनियनने इ. स. ५३३ मध्ये जुन्या कायदेपंडितांच्या मतांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. त्यात दुसऱ्या शतकातल्या पोम्पोनियसने दिलेली इन्कोलाची व्याख्या आहे. ज्याने एखाद्या प्रदेशात आपले बिऱ्हाड आणले तो इन्कोला. शहरात राहणाराच नव्हे, तर शहराच्या हद्दीत शेत असणारा आणि त्या शेतावर घरासारखा येऊन राहणाराही इन्कोलाच. पुढे डायोक्लेशियन बादशहाच्या काळात हा भेद नेमक्या शब्दांत मांडला गेला. जन्म, गुलामगिरीतून मुक्तता, दत्तकविधान किंवा नगराने करून घेतलेली नोंद यांतून नागरिक घडतो. रहिवासी घडतो तो बिऱ्हाडाने.

रहिवाशावर कर्तव्ये पुष्कळ होती. गायस सांगतो की, इन्कोलाने राहत्या शहराच्या आणि मूळ शहराच्या, अशा दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांचे ऐकावे आणि दोन्हीकडची सार्वजनिक कामे करावीत. हक्क मात्र मोजके. स्पेनमधल्या मालागा येथे १८५१ साली एक कांस्यपट सापडला. त्यावर पहिल्या शतकाच्या अखेरचा नगरकायदा कोरलेला आहे. त्यानुसार निवडणुकीत चिठ्ठी टाकून एक प्रभाग निवडायचा आणि रहिवाशांनी त्या एकाच प्रभागात मत द्यायचे. तेही रोमन किंवा लॅटिन नागरिकत्व असलेल्या रहिवाशांनीच.

या शब्दाची एक कटू बाजूही आहे. आल्प्सच्या खोऱ्यात सालासी नावाचे लोक राहत होते. इ. स. पू. २५ मध्ये रोमनांनी त्यांचा पराभव केला, बहुतेकांना गुलाम म्हणून विकले आणि तिथे निवृत्त सैनिकांची वसाहत वसवली. तेच आजचे इटलीतले आओस्ता. तिथे सम्राट ऑगस्टसच्या सन्मानार्थ कोरलेला एक लेख मिळाला आहे. तो कोरवणारे स्वतःची ओळख 'सालासी इन्कोला' अशी देतात. जे त्या खोऱ्याचे मूळचे, तेच आपल्या भूमीत नुसते 'रहिवासी' ठरले!

आपल्या इतिहासातही असा भेद सापडतो. मराठेशाहीतल्या गावात जमिनीवर वंशपरंपरेने हक्क सांगणारा तो मिरासदार आणि बाहेरून येऊन कराराने जमीन कसणारा तो उपरी. दोघेही एकाच पावसाची वाट पाहत, पण गावातला मान निराळा.

म्हणजे 'इन्कोला' हा शब्द आधी कोण आले हे सांगत नाही. आज कोण राहते एवढेच सांगतो. हक्क कोणाला, हे शब्द ठरवत नाही. ते माणसे ठरवतात. जीवशास्त्रानेही या शब्दाचा तेवढाच भाग उचलला. 'कोला' असलेले नाव जीवाचा अधिवास सांगते, त्याचे मूळ नव्हे. म्हणून मुलांना आम्ही उत्तर दिले की, गप्पीदास हिवाळ्यात इथला आणि उन्हाळ्यात तिथला. त्याला दोन्ही ठिकाणे लागतात. यांतले एकही नष्ट झाले तर तो टिकणार नाही.

सिसेरोने इ. स. पू. ४५ च्या सुमारास सॉक्रेटिसाची एक गोष्ट नोंदवली आहे. 'तू कोणत्या देशाचा?' या प्रश्नाला सॉक्रेटिसाने 'जगाचा' असे उत्तर दिले. हे सांगताना सिसेरो म्हणतो की, तो स्वतःला साऱ्या जगाचा इन्कोला आणि किविस, दोन्ही समजत असे. वर्गात 'स्थलांतर' हा धडा शिकवताना मिरासदार, उपरी, इन्कोला आणि गप्पीदास हे चौघे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत. पुढची चर्चा मुले आपणहून करतील.