क्षितिजावरचा सांधा

कॉलेजच्या सहलीत कोकणच्या किनाऱ्यावर मी सूर्यास्ताचे फोटो काढले होते. रोल धुऊन आला तेव्हा वर पांढुरका पट्टा, खाली काळा पट्टा, मधोमध क्षितिज आणि त्यावर टाचणीच्या डोक्याएवढा सूर्य! सूर्य लहान का, हे भूमितीने कळते. त्याचा कोनीय व्यास सुमारे अर्धा अंश. ५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाने त्याची प्रतिमा फिल्मवर जेमतेम अर्धा मिलिमीटरची पडते. (हे गणित वर्गात जरूर घालावे.) त्या दोन पट्ट्यांची गोष्ट मात्र फार जुनी आहे.

१८५१ मध्ये इंग्लंडमधील फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. काचेवरचे चांदीचे क्षार मुख्यतः निळ्या, जांभळ्या आणि अतिनील प्रकाशाला दाद देत. त्यामुळे जमिनीवरचे तपशील उमटेपर्यंत आकाश प्रकाशाने भरून जाई आणि चित्रात कोरे दिसे.

फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे (१८२०-१८८४) हा चित्रकलेकडून छायाचित्रणाकडे आलेला. १८५६ च्या सुमारास त्याने समुद्राची छायाचित्रे घेताना यावर दोन वाटा काढल्या. पहिली, आकाशापुरताच प्रकाश घ्यायचा आणि बाकीचे काळोखात जाऊ द्यायचे. पाण्यावरच्या जहाजाचे त्याचे असे एक चित्र १८५६ मध्ये लंडनमध्ये मांडले गेले. अनेकांना ते चांदण्यातले वाटले. काढले होते भर दिवसा, सूर्याकडे तोंड करून. दुसरी वाट म्हणजे आकाशाची एक निगेटिव्ह, समुद्राची दुसरी, आणि छापताना क्षितिजाच्या रेषेवर दोन्ही जोडायच्या. सेत येथील उसळत्या लाटेचे १८५७ चे प्रसिद्ध चित्र असेच जोडलेले आहे.

हौशी छायाचित्रकाराला क्षितिज एक-तृतीयांशावर ठेवायला सांगतात. हा नियम छायाचित्रणाहून जुना आहे. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने तो १७९७ मध्येच निसर्गचित्रांसाठी लिहून ठेवला. सौंदर्याचे मला फारसे कळत नाही. पण सूर्यास्तासाठी त्याचा खरा उपयोग मला वेगळाच वाटतो. आकाश हवे की जमीन, हे तो आधी ठरवायला लावतो. आकाश निवडले, तर प्रकाश त्याच्यापुरता मोजावा. खालचे सारे काळे होणार हे गृहीत धरून तिथे नुसत्या आकाराने ओळखू येईल अशी वस्तू घ्यावी. माड चालेल, होडी चालेल. सहलीतल्या तीस मुलांचे चेहरे चालणार नाहीत.

रंगाची अडचण मात्र मांडणीने सुटणारी नव्हती. ऑगस्ट १८८३ मध्ये क्राकाटोआचा स्फोट झाला आणि पुढे काही महिने युरोपातही मावळतीचे आकाश लालभडक दिसत राहिले. प्रचारातल्या काचा लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या. विल्यम ॲस्क्रॉफ्टने लंडनमध्ये थेम्सकाठी बसून रंगीत खडूंनी त्या आकाशाची पाचशेहून अधिक रेखाटने केली. १८८८ च्या रॉयल सोसायटीच्या अहवालात त्यांतली काही छापली आहेत. खरे तर, रंगद्रव्ये मिसळून काचेला इतर रंग 'दाखवता' येतात, हे बर्लिनच्या हेर्मान फोगेलने १८७३ मध्येच शोधले होते. पण तांबड्यासकट सर्व रंगांना दाद देणाऱ्या काचा बाजारात यायला १९०६ उजाडले.

आजचा मोबाइल एका दाबात कमीजास्त प्रकाशाची अनेक चित्रे घेऊन जोडतो, म्हणजे ल ग्रेचेच काम करतो. फरक एवढाच, की ती सारी चित्रे त्याच क्षणाची असतात. ल ग्रेने एकच आकाश एकाहून अधिक समुद्रांवर बसवले आहे. चित्रे शेजारी ठेवली की तेच ढग ओळखू येतात.