पाटी मराठी झाली, पण अक्षराचं काय?

दुकानांच्या पाट्यांचा विषय आता मिटला असंच सगळे धरून चाललेत. २०२२ मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात सुधारणा झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन महिन्यांची मुदत दिली आणि पाट्या बदलू लागल्या. नाव देवनागरीत हवं आणि त्याचं अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको, हे कायद्यानं सांगितलं. चांगलं झालं. पण कायदा अक्षराची उंची मोजतो, वळण नाही.

बाजारपेठेत जरा मान वर करून बघा. इंग्रजी नाव डौलात उभं आणि मराठी नाव कसंबसं ताणून बसवलेलं. शुभेच्छांच्या फ्लेक्सवर 'हार्दिक'मधली वेलांटी एकीकडं, रफार भलतीकडं. दोष एकट्या फ्लेक्सवाल्याचा नाही. त्यामागं मोठा इतिहास आहे.

विल्यम केरीचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापलं गेलं ते बंगालमधल्या सेरामपूरला. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर पंचांग काढलं. जावजी दादाजींनी आधी खिळे पाडायचा कारखाना काढला, मग १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. त्यांच्या सुबक अक्षराचं नाव आजही निघतं. पण ही मेहनत मुख्यतः पोथी, पंचांग, पुस्तक यांच्या वाचायच्या अक्षरावर झाली. मोठं, ठसठशीत, खेळकर अक्षर हवं असलं की काम हाताकडं जायचं. नाटकाच्या जाहिरातीला कमल शेडगे होते आणि आपल्या गावाला पेंटर होता. दुकान मिठाईचं की लोखंडाचं, हे तो अक्षरातूनच सांगायचा.

तिकडं शिकागोत ऑस्वाल्ड कूपर यांचं 'कूपर ब्लॅक' १९२२ मध्येच बाजारात आलं होतं. जाडजूड, गोल कडांचं, बघताक्षणी हसू आणणारं. आपल्याकडं पेंटरचा हात थांबला आणि फ्लेक्स आला, तेव्हा 'श्रीलिपी'सारख्या पॅकेजमधल्या सजावटीच्या अक्षरांवर काम निभावलं. पण त्यांची जुनी पद्धत युनिकोडशी जुळत नाही. मोबाईलवरचा युनिकोड मजकूर जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला की वेलांटी-रफार उडतात. पाटीवरची गंमत होते ती तिथं.

आता खरी अडचण सांगतो. इंग्रजी अक्षरं सुटी उभी असतात. देवनागरीत वर शिरोरेषा, तिच्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. खाली उकार. मध्ये जोडाक्षरं. अक्षर जाड करत गेलं की आतली पोकळी भरते. 'ब'मधली तिरकी रेघ बुजली की 'व' उरतो. 'ष'मधली बुजली की 'प'. शिरोरेषेतली फट गेली की 'धर'चं 'घर' आणि 'भ'चा 'म'. म्हणजे जाडी वाढवणं ही नुसती हौस नाही, अर्थाशी खेळ आहे.

मुंबईच्या 'एक टाईप' या गटानं नेमकं हेच आव्हान घेतलं. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचा 'मोदक' हा फॉन्ट बघा. नावासारखाच गुबगुबीत. अक्षर इतकं फुगवलंय की आतल्या पोकळीची फक्त बारीक पांढरी रेघ उरलीय, आणि डोळा त्या रेघेवरूनच अक्षर ओळखतो. ती रेघ सगळीकडं सारखी राहावी म्हणून मात्रांची वेगवेगळी रूपं काढावी लागली. ज्या अक्षराला जी बसेल ती. याच गटाचा 'बलू' हा तसाच गोलसर, पण वाचायला आणखी सोपा. तो इतर भारतीय लिप्यांतही गेला: गुजरातीत 'बलू भाई', बंगालीत 'बलू दा', तमिळमध्ये 'बलू तंबी', पंजाबीत 'बलू पाजी'. गाव बदललं की हाक बदलते, तसं.

हे दोन्ही फॉन्ट युनिकोडमधले आहेत. गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात आणि धंद्यासाठी वापरायलाही परवानगी आहे. म्हणजे चोरीचा फॉन्ट वापरायचं कारणच उरत नाही.

अर्थात मोदक सगळीकडं चालत नाही. आइस्क्रीमचं दुकान, बालवाडी, गणेश मंडळाची कमान, लहान मुलांचं पुस्तक. तिथं दोन-चार शब्द मोठे टाका, शोभून दिसतात. पण पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकाला तो वापरला तर कुणी वाचणार नाही, आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'ला वापरला तर नातेवाईक भांडायला येतील! कुठल्या प्रसंगाला कुठलं अक्षर, हे पेंटरला कुणी शिकवावं लागत नव्हतं. ती समज त्याच्या हातात होती. फॉन्ट मिळाला म्हणून समज आपोआप मिळत नाही.

म्हणून नगरपालिका, मंडळं आणि व्यापारी मित्रांना एवढंच सांगणं आहे. फ्लेक्स छापायच्या आधी रफार-वेलांटी जागेवर आहे का ते बघा. अक्षर आडवं-उभं ताणू देऊ नका. इंग्रजी नावासाठी चार नमुने मागता, तसे मराठीसाठीही मागा. आणि गावात पेंटरनं रंगवलेली एखादी पाटी अजून शिल्लक असेल, तर ती उतरायच्या आधी तिचा नीट फोटो काढून ठेवा. उद्याचा फॉन्ट कुणी तरी त्यातूनच शिकून घडवेल.