मारलेल्या जनावराचा धनी कोण?

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, काळू नदीच्या काठी वसलेले टिटवाळे आज महागणपतीच्या दर्शनासाठी, आणि विशेषेकरून अंगारकीला लोटणाऱ्या गर्दीसाठी, महाराष्ट्रभर परिचित आहे. परंतु ज्या आख्यायिकेच्या आधारे हे क्षेत्र आपले प्राचीनत्व सांगते ती मुळात एका थांबलेल्या शिकारीपासून सुरू होते, याकडे भाविकांचे लक्ष क्वचितच जाते. येथे कण्वमुनींचा आश्रम होता आणि दुष्यंताने विसरलेल्या शकुंतलेने कण्वांच्या सांगण्यावरून येथेच गणपतीची आराधना केली, असे स्थळमाहात्म्य सांगते. कण्वाश्रमाचा मान उत्तरेकडील अन्य स्थळेही आपल्याकडे घेतात. तो वाद येथे सोडवायचा नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो कालिदासाच्या नाटकातला आरंभीचा प्रसंग. हरणाचा पाठलाग करीत आलेल्या राजाच्या रथासमोर एक तपस्वी आडवा होतो, हे हरिण आश्रमाचे आहे असे सांगतो, आणि आसमुद्र पृथ्वीचा स्वामी म्हणवणारा तो राजा चढवलेला बाण उतरवतो. हरिण रानातले, बाण राजाचा आणि राज्यही राजाचेच. तथापि त्या हरणाला राजावाचून दुसरा कोणी धनी होता, आणि ते नाते राजाने मानले. रानातल्या जनावराचा, आणि विशेषतः मारून पडलेल्या जनावराचा, धनी कोण, हा प्रश्न आमच्या या मुलुखात त्यानंतरही वारंवार उभा राहिला आहे.

टिटवाळ्याच्या पश्चिमेस, पूर्वी ठाणे जिल्ह्यात आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात असलेल्या सोपाऱ्यास १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. पाषाणावर शब्द थोडेच उरले आहेत. परंतु इतरत्र मिळालेल्या संपूर्ण पाठावरून त्याचा आशय निःसंदिग्ध कळतो. पूर्वीचे राजे मृगया आणि तत्सम करमणुकीसाठी विहारयात्रेला निघत. देवानांप्रिय राजाने राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीच्या स्थानाची यात्रा केली आणि तेव्हापासून विहारयात्रेच्या जागी धर्मयात्रा आली. राजाने शिकार सोडल्याचा हा जाहीरनामा समुद्रावर व्यापार करणाऱ्या सोपाऱ्याच्या लोकांना वाचता यावा म्हणून येथे कोरला गेला, हे या जिल्ह्याचे मोठे भाग्य मी मानतो. मात्र प्राचीन राजनीती सर्वस्वी अहिंसक होती असे समजण्याचे कारण नाही. कौटिल्याने एकीकडे अभयवनातील मृगपक्ष्यांना मारणाऱ्यास दंड सांगितला, तर दुसरीकडे हिंस्र श्वापदाचे भय उत्पन्न झाले असता त्याच्या नाशाचे उपायही सांगितले. संकटात सापडलेल्याच्या मदतीला न धावणाऱ्यास बारा पण दंड आणि श्वापद मारणाऱ्यास तितकाच लाभ, अशी त्याची व्यवस्था आहे. जनावर मारल्याबद्दल सरकारातून द्रव्य देण्याची कल्पना म्हणजे इंग्रजांचा शोध नव्हे, एवढे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. पण कौटिल्याचे बारा पण एका प्रसंगाला, एका संकटाला बांधलेले होते. पुढे जे झाले त्याला असे बंधन राहिले नाही.

शहापूर, मुरबाड, जव्हार, डहाणू या रानातून वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी पिढ्यान्‌पिढ्या राहत आले, आणि वाघाशी त्यांनी जो करार केला त्याला कोणतेही दप्तर नव्हते. गावाच्या शिवेवर, झाडाखाली, वाघोबाची स्थापना असते. एखादी उभी शिळा किंवा लाकडाची जाड फळी, तिच्यावर कोरलेला वाघ, त्याच्या वर एका बाजूस सूर्य आणि दुसऱ्या बाजूस चंद्र. त्यावर पिढ्यांचा शेंदूर इतका साचलेला की वाघाचे पाय बोटाने चाचपून शोधावे लागतात. आश्विन वद्य द्वादशीस, म्हणजे ज्या दिवशी देशावर आणि कोकणपट्टीत गाय-वासराची पूजा होऊन वसुबारस साजरी होते त्याच दिवशी, डोंगरातली माणसे वाघबारस करतात. वाघोबाला नारळ आणि कोंबडे देतात, आणि आमची गुरे-माणसे सांभाळ असे त्यालाच विनवतात. एकाच तिथीला खाली गायीची पूजा आणि वर तिला खाणाऱ्याची पूजा: या दोन पूजांमध्ये मला विरोध दिसत नाही, कारण दोन्हींच्या मुळाशी गोधनाचीच चिंता आहे. ही माणसे शिकार करीत नव्हती असे नव्हे. ससा, डुक्कर, भेकर, रानकोंबडा, शेतातला उंदीरसुद्धा ती मारीत, परंतु मारलेले खाण्यासाठी असे. वाया घालवण्यासाठी मारणे त्यांना परवडणारे नव्हते. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील वाघबीळ या गावाचे नाव आज केवळ बसथांब्यावर वाचायला मिळते; वाघ त्या नावापुरताच उरला.

इंग्रजी अंमल स्थिर होऊन जमीनमहसुलाची बसवणूक सुरू झाली, तेव्हा हिंस्र जनावर हा लागवडीचा, म्हणजेच महसुलाचा, शत्रू ठरला. वाघ, बिबळ्या, लांडगा, तरस, अस्वल यांच्या मुंडक्यावर सरकारने बक्षिसे लावली. जनावराची जात आणि वय पाहून रक्कम कमीजास्त होई. शिकाऱ्याने कातडे किंवा मुंडके कचेरीत आणून दाखवावे, अंमलदाराने ते पाहून खात्री करावी, वहीत नोंद करून खजिन्यातून पैसे द्यावेत, असा हा व्यवहार होता. या व्यवहारात जनावराचा फक्त पुरावा कामाचा होता. उरलेला देह सरकारला नको होता आणि बहुधा मारणाऱ्यालाही नको होता. रानात पडलेल्या त्या देहाची मालकी कोणाकडेच नव्हती. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी नोंदींवरून काढलेल्या हिशेबाप्रमाणे १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ८०,००० हून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबळे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. या आकड्यांपैकी किती जनावरांनी माणसाला ओरखडाही काढला नव्हता, हे वहीत लिहिण्याची सोयच नव्हती. रकाना होता तो फक्त जातीचा आणि रकमेचा.

बक्षिसाने माणसाच्या हाताला कोणती सवय लागते, याचे उदाहरण आमच्या कोकणातच आहे. रत्नागिरी जिल्ह्यात फुरशाच्या दंशाने माणसे मरतात म्हणून सरकारने दर फुरशामागे काही पै देऊ केल्या, तेव्हा डिसेंबर १८६२ मध्ये अवघ्या आठवडाभरात लाखाच्या वर फुरशी मारली गेली. वितीएवढ्या लांबीचा हा साप, सड्यावरच्या दगडाखाली दिवसा वेटोळे करून पडणारा. त्याला दगड उलटून, काठीने दाबून, ठेचून टोपलीत टाकणारी पोरे-बायाबापडी दृष्टीसमोर आणावीत, आणि टोपल्या ओतून मोजदाद करणारा कारकून आणावा. दंश टाळणे हा हेतू निःसंशय प्रामाणिक होता. परंतु जेथे बक्षीस मोजून मिळते तेथे मोजलेला प्रत्येक देह हीच उपजीविका होऊन बसते, आणि कोणते जनावर त्रासदायक होते हा प्रश्न मागे पडतो.

याच काळात कायद्याने दुसऱ्या बाजूने फास आवळला. १८७८ च्या वन अधिनियमाने जंगले राखीव झाली आणि त्यांत परवान्याविना शिकार करणे, फासे लावणे हा गुन्हा ठरला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील रयतेच्या वनविषयक तक्रारी इतक्या वाढल्या की त्यांच्या चौकशीसाठी सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. म्हणजे ज्या ठाकराने पोरांच्या पोटासाठी भेकर मारले तो गुन्हेगार, आणि ज्याने बिबळ्या मारून त्याचे धड रानात कुजत टाकले तो बक्षिसास पात्र. हा न्याय नव्हता, आणि त्याचे समर्थन आज कोणत्याही युक्तिवादाने करता येणार नाही. १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण अधिनियमाच्या परिशिष्टात हरणे, काळवीट, गवे, रानम्हशी, ससे, गेंडे इत्यादिकांची नावे आली; वाघ, बिबळ्या, लांडगा यांपैकी एकाचेही नाव त्यात नव्हते. साहेबांच्या शिकारीला सावज उरावे एवढाच त्या संरक्षणाचा आवाका होता, आणि त्या सावजावर जगणारे प्रत्येक श्वापद त्यांचे प्रतिस्पर्धी होते.

ही वृत्ती एका देशाची नव्हती. अमेरिकेतील अनेक राज्यांत, मारलेल्या हरणाचे खाण्याजोगे मांस रानात टाकून देणे हा शिक्षेस पात्र गुन्हा आहे, आणि तो नियम मला अत्यंत आदरणीय वाटतो, कारण घेतलेल्या जीवाची नासाडी करू नये ही जाणीव त्यात कायद्याच्या भाषेत उतरली आहे. पण लांडगा, कोयोटी यांसारखी मांसाहारी जनावरे खाण्याची नव्हेत, या सबबीवर मांसासंबंधीची ती अट त्यांना बहुधा लागू होत नाही. जो खाण्याच्या कामाचा तो जपून मारावा आणि जो खाण्याच्या कामाचा नाही तो मारून फेकावा, असा याचा अर्थ होतो.

आमच्याकडे या विचाराला वळण मिळाले ते स्वातंत्र्यानंतर. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत आरंभी शिकाऱ्यांचाच भरणा होता. परंतु तिचे एक चिटणीस हुमायून अब्दुलअली यांच्या पुढाकाराने १९५१ चा मुंबई वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षण अधिनियम तयार झाला. पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, चित्ता या देशातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. १९७० मध्ये वाघाची शिकार बंद झाली, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने सबंध देशासाठी एक कायदा दिला. त्या कायद्यानेही कावळा, उंदीर, घूस, फळे खाणारे वटवाघूळ यांना ‘उपद्रवी’ म्हणून पाचव्या अनुसूचीत टाकून संरक्षणाबाहेर ठेवले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूची गेली, तरी एखादा प्राणी एखाद्या प्रदेशापुरता आणि मुदतीपुरता उपद्रवी ठरवण्याचा केंद्र सरकारचा अधिकार कायम आहे. माणसाच्या जीवास धोका निर्माण झाला तर मुख्य वन्यजीव रक्षकाने लेखी कारणे देऊन हुकूम करावा, ही अकराव्या कलमाची तरतूद मला कौटिल्याच्या बारा पणांच्या अधिक जवळची वाटते. संकट एका विशिष्ट जनावराचे, आणि हुकूमही त्याच जनावरापुरता.

या कायद्याचे जे कलम सर्वांत कमी वाचले जाते तेच मला मोलाचे वाटते. एकोणचाळिसाव्या कलमाप्रमाणे मारलेला किंवा मृत सापडलेला वन्य प्राणी सरकारची मालमत्ता आहे. फक्त उपद्रवी ठरवलेल्यांना, दुर्दैवाने, तो मान नाही. आज वाघ किंवा बिबट्या मेला की पशुवैद्यक शवविच्छेदन करतात, नखे आणि सुळे मोजून पंचनाम्यात लिहिले जातात, आणि अधिकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत संपूर्ण देहाला कातड्यासह, मिशांसह अग्नी दिला जातो, जेणेकरून त्यातले काहीही बाजारात जाऊ नये. ज्या कातड्यासाठी एके काळी कचेरीतून रुपये मोजले गेले, ते आज सरकार स्वतः जाळते.

टिटवाळ्याच्या भोवती आता उंच इमारतींची वस्ती वाढली आहे, आणि श्वापदेही अगदीच दूर नाहीत: नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेच्या चिंचपाडा भागात एका इमारतीत बिबट्या शिरला, काही माणसे जखमी झाली, आणि तरीही त्याला गोळी न घालता भुलीचे इंजेक्शन देऊन जिवंत पकडले गेले. आमच्या बाजूच्या वाचकांस माझी एवढीच विनंती आहे: रस्त्याकडेला, रुळाशेजारी किंवा शेताच्या बांधावर एखादे रानटी जनावर मरून पडलेले दिसले, तर त्याचे नख किंवा कातडे कोणाला काढू देऊ नका, वनखात्यास १९२६ या क्रमांकावर कळवा. असे काही हाती आलेच, तर अठ्ठेचाळीस तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास किंवा वनाधिकाऱ्यास वर्दी देणे कायद्याने आपल्यावर बंधनकारक आहे.