४ ऑक्टोबर : एका तारखेत मावलेली चार दाने



आपल्या घरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे आपण बघतो ते बहुतेक तिथीसाठी. अष्टमी कधी, चतुर्दशी कधी, हिरवी भाजी कोणत्या दिवशी चिरायची नाही, उपवास आज की उद्या. इंग्रजी तारखेकडे नजर जाते ती दूधवाल्याचा हिशोब, गॅसचा नंबर आणि मुलांच्या परीक्षेपुरती. त्या तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरांत दिनविशेष छापलेले असतात. ते वाचायची सवय मला मुलांच्या शाळेमुळे लागली. परिपाठात रोज कोणीतरी दिनविशेष सांगायचे असत आणि ते शोधून द्यायचे काम अर्थातच आईचे!

तसे शोधता शोधता एका तारखेशी मी थबकले. ४ ऑक्टोबर. या एका दिवसाच्या पोटात इतके काही आहे की आज त्यावरच लिहिते.

पहिली गोष्ट खुद्द कॅलेंडरचीच. सन १५८२ मध्ये इटली, स्पेन, पोर्तुगाल या देशांत लोक ४ ऑक्टोबरच्या रात्री झोपले आणि सकाळी उठले तेव्हा तारीख होती १५ ऑक्टोबर. मधले दहा दिवस गेले कुठे? कुठेच नाहीत, ते कागदावरून वगळले. त्याआधीचे जुलियन कॅलेंडर वर्ष ३६५ दिवस आणि सहा तासांचे धरत असे. खरे वर्ष त्याहून साधारण अकरा मिनिटांनी लहान आहे. अकरा मिनिटे म्हणजे कुकरच्या दोन-तीन शिट्ट्यांचा वेळ! पण शेकडो वर्षे साचत गेल्यावर त्याचे दहा दिवस झाले आणि ईस्टरचा सण ऋतूपासून सरकू लागला. म्हणून पोप ग्रेगरी तेरावे यांनी कॅलेंडर दुरुस्त केले. शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जात असेल तरच ते लीप वर्ष, हा नियम तेव्हाचा. म्हणून १९०० लीप वर्ष नव्हते, २००० होते.

युरोपात याचे किती नवल झाले असेल! आपल्याला मात्र ते फार वाटू नये. तिथीचा क्षय आपण जन्मापासून ऐकतो. एखाद्या वर्षी दशलक्षण पर्वातच तिथी क्षय होते आणि मग दहा धर्मांची पूजा कशी बसवायची याची मंदिरात चर्चा होते. तिथी चंद्र-सूर्याच्या गतीवर चालते, कधी एकोणीस-वीस तासांची तर कधी सव्वीस तासांपर्यंतची. एखादी तिथी सूर्योदयानंतर सुरू होऊन पुढच्या सूर्योदयाआधी संपली की ती पंचांगातून गळते. दिवस कुठेच जात नाही, गळते ते फक्त नाव.

स्पेनमधल्या अविला गावच्या तेरेसा नावाच्या थोर संन्यासिनीने नेमका त्याच रात्री देह ठेवला. त्यामुळे त्यांचा स्मरणदिन आजही १५ ऑक्टोबरला पाळतात. निधन ४ तारखेच्या रात्री आणि दुसरा दिवस थेट १५! हे वाचून मला एक गोष्ट पटली. तारीख माणसाने ठरवलेली असते. तिच्यात काय साठवायचे तेही माणसानेच ठरवायचे.

आता त्याच तारखेची दुसरी गोष्ट. इटलीतल्या असिसी गावचे संत फ्रान्सिस. ३ ऑक्टोबर १२२६ च्या संध्याकाळी ते गेले आणि त्यांचा स्मरणदिन ४ ऑक्टोबरला असतो. वडील कापडाचे मोठे व्यापारी. आपल्या समाजात कापडाची पेढी असलेली किती घरे आहेत, त्यामुळे हा मुलगा मला परका वाटतच नाही. त्याने वडिलांच्या संपत्तीवरचा हक्क सोडला आणि बिशपांच्या समोर अंगावरचे कपडेसुद्धा उतरवून वडिलांना परत दिले. दिगंबर परंपरेतल्या बाईला हे वाचताना काय आठवेल ते सांगायला नको. पुढे भिक्षा, सेवा आणि अपरिग्रह हेच त्यांचे आयुष्य झाले. पक्ष्यांना ते भाऊ-बहीण म्हणून उपदेश करत, एका लांडग्याला त्यांनी शांत केले, अशा कथा त्यांच्याभोवती आहेत. त्यांच्या संघात मांसाहाराला बंदी नव्हती, हेही सांगायला हवे. आपला अहिंसेचा विचार सूक्ष्म जीवापर्यंत पोहोचतो, तितका त्यांचा नव्हता. पण मुक्या जिवाला आपल्या नात्यात घेणे, ही ओढ तीच.

म्हणूनच जागतिक प्राणीदिन ४ ऑक्टोबरला आला. हा दिवस सुरू केला जर्मनीतले लेखक हाइनरिख झिमरमन यांनी. पहिला कार्यक्रम बर्लिनमध्ये २४ मार्च १९२५ रोजी झाला. १९२९ पासून तो ४ ऑक्टोबरला होऊ लागला आणि १९३१ मध्ये फ्लॉरेन्सच्या प्राणिरक्षण परिषदेत ही तारीख सर्वांसाठी स्वीकारली गेली. आपल्या भाषेत सांगायचे तर तो अभयदानाचा दिवस.

आणि याच तारखेला, ४ ऑक्टोबर १९५७ रोजी, सोव्हिएत रशियाने स्पुतनिक हा जगातला पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात सोडला. जेमतेम ५८ सेंटिमीटर व्यासाचा गोळा, वजन सुमारे ८४ किलो. साधारण ९६ मिनिटांत तो पृथ्वीला एक फेरी घालायचा. त्याचा बीप-बीप आवाज जगभर रेडिओवर ऐकू आला. माणसाच्या बुद्धीचा केवढा मोठा दिवस!

पण महिनाही झाला नव्हता, तोच ३ नोव्हेंबरला स्पुतनिक-२ सोडले गेले आणि त्यात होती लायका. मॉस्कोच्या रस्त्यावर सापडलेली एक भटकी कुत्री. तिला परत आणण्याची सोयच त्या यानात नव्हती. ती आत गेली तेव्हाच तिचे मरण ठरलेले होते. उष्णतेने ती काही तासांतच गेली, हे जगाला उघडपणे कळले २००२ मध्ये. तिच्यासोबत काम केलेल्या शास्त्रज्ञांपैकी एकाने पुढे खंतही व्यक्त केली. एकाच तारखेच्या चौकोनात प्राणीदिन आणि स्पुतनिक शेजारी शेजारी छापलेले दिसतात, तेव्हा मला ती लायका आठवते. ज्ञान वाढले, पण अभयदान मागे राहिले. आपल्याकडे सम्यक ज्ञान आणि सम्यक चारित्र्य वेगळे करत नाहीत, त्याचे कारण इथे दिसते.

आता चौथी गोष्ट, जी खरे तर सगळ्यात आधी आपली आहे. ४ ऑक्टोबर १९१९. कराडजवळचे काले गाव. सत्यशोधक समाजाच्या परिषदेत भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली.

कर्मवीर अण्णा! जन्म २२ सप्टेंबर १८८७, कुंभोजचा. ज्या कुंभोज-बाहुबलीला आपण सहकुटुंब दर्शनाला जातो, तेच कुंभोज. घराणे जैन, वडील पायगोंडा महसूल खात्यात कारकून. भाऊराव शिकायला कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. त्यांच्या चरित्रात एक प्रसंग हमखास सांगितला जातो. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर त्यांना स्नान करून मग जेवायला बसायला सांगितले गेले. त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सोडावे लागले. पुढे शाहू महाराजांचा आधार मिळाला.

हा प्रसंग आपल्या कार्यक्रमांत फारसा सांगितला जात नाही. अण्णांचा फोटो लावतो, जयंतीला हार घालतो, ‘आपले’ म्हणून अभिमान बाळगतो. पण आपल्याच बोर्डिंगमधून त्यांना बाहेर पडावे लागले, हेही आपलेच आहे. ज्याला एका पंगतीतून उठावे लागले, त्याने पुढे अशी पंगत मांडली की तिथे कोणालाच उठावे लागू नये. १९२४ मध्ये संस्था साताऱ्याला आली. सर्व जातिधर्मांची मुले एका छताखाली राहू लागली, एकाच चुलीवरचे जेवू लागली. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी तिथे आले आणि त्या वसतिगृहाला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले.

आता मला सांगा, ती चूल कोण सांभाळत होते?

लक्ष्मीबाई. अण्णांच्या पत्नी. सोवळ्या-ओवळ्यात वाढलेली ही बाई. आपल्या आजी-पणजीच्या घरातले सोवळे काय असायचे, ते आपल्याला माहीत आहे. तिच्या स्वयंपाकघरात महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन अशी सगळ्यांची मुले आली. सुरुवातीला तिच्या मनाला काय पडले असेल! नवरा अनवाणी गावोगाव फिरतोय, धान्य आणि पैसे मागतोय, आणि इकडे घरात मुले भुकेली बसलीत. संस्थेकडे पैसा नाही. मग एकेक दागिना मोडला गेला. आणि एक वेळ अशी आली की गळ्यातले मंगळसूत्रसुद्धा मुलांच्या अन्नासाठी गेले.

मैत्रिणींनो, इथे मी वाचता वाचता खरोखर थांबले. स्त्रीधन म्हणजे काय, ते आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. लग्नात घातलेली पाटली आपण मुलीच्या लग्नासाठी जपतो, मोडायची वेळ आलीच तर चार रात्री झोप लागत नाही. आणि मंगळसूत्र तर त्याहून वेगळेच. नवरा हयात असताना ते उतरवून देणे, तेही परक्यांच्या लेकरांसाठी! पण तिला ती परकी राहिली नव्हती, म्हणूनच तिला देता आले. १९३० साली लक्ष्मीबाई गेल्या. पुढे संस्था वाढत गेली. १९३२ मध्ये पुण्याचे युनियन बोर्डिंग, १९४७ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज. १९५९ मध्ये अण्णांना पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षी ९ मे रोजी ते गेले. लक्ष्मीबाईंनी यातले काहीच पाहिले नाही. आज रयतच्या शेकडो शाखा आहेत आणि सोलापूरच्या एका महिला महाविद्यालयाला लक्ष्मीबाईंचे नाव आहे. खेड्यापाड्यांतल्या किती घरांत पहिला शिकलेला माणूस रयतचा आहे!

आता त्या दिनदर्शिकेकडे परत बघा. ४ ऑक्टोबर, रयत शिक्षण संस्थेची स्थापना. तारीख आहे. पण मंगळसूत्र कोणत्या तारखेला मोडले? ते कोणत्याच चौकोनात छापलेले नाही. पहिल्यांदा सगळ्या जातींच्या मुलांना एका ओळीत बसवून वाढले, तो दिवस कोणता? तोही नाही. स्थापना एका दिवसात होते, तिला तारीख मिळते. ती टिकवणे रोजचे असते, सकाळ-संध्याकाळ पीठ मळण्यासारखे. त्याला तारीख मिळत नाही. बायकांची कामे दिनविशेषात का दिसत नाहीत, याचे उत्तर मला इथे सापडले. क्षय तिथीसारखेच आहे हे. दिवस होता, पूर्ण जगला गेला, फक्त पंचांगात त्याचे नाव नाही.

आपल्याकडे दानाचे चार प्रकार सांगितले आहेत. आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. मी ४ ऑक्टोबरला ही चारही दाने जोडून पाहिली. संत फ्रान्सिस आणि प्राणीदिन हे अभयदान. फ्रान्सिसनी कुष्ठरोग्यांची सेवा केली, ते औषधदान. अण्णांची शाळा म्हणजे शास्त्रदान. आणि लक्ष्मीबाईंची चूल म्हणजे आहारदान. आहारदान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मुनिमहाराजांचा चौका येतो. ते आपले भाग्यच. केवढ्या शुद्धीने, केवढ्या भावाने आपण तो आहार करतो! पण करुणेपोटी दिलेले दानही शास्त्राने सांगितलेच आहे. तिथे समोरच्याची जात विचारलेली नाही, फक्त भूक बघितली आहे.

म्हणून यंदा ४ ऑक्टोबरच्या चौकोनात मी पेनने दोन शब्द लिहून ठेवले आहेत : ‘लक्ष्मीबाई – आहारदान’. एका डब्यात रोज स्वयंपाकाला बसताना मूठभर तांदूळ बाजूला टाकते. त्या दिवशी ते गावातल्या वसतिगृहात पोचवायचे ठरवले आहे. फार मोठे काही नाही. शेजारच्या दोघी-तिघींनीही डबा ठेवला आहे. तुम्हाला जमले तर तुमच्या गावातल्या एखाद्या बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात जाऊन या. तिथल्या स्वयंपाकीण मावशींशी दोन शब्द बोला, रोज किती भाकऱ्या लागतात ते विचारा. आणि घरी मुलांना परिपाठासाठी दिनविशेष सांगाल तेव्हा अण्णांच्या वाक्यापाठोपाठ आणखी एक वाक्य लिहून द्या, लक्ष्मीबाईंचे.

जय जिनेन्द्र!