शब्दाला जागलेले विधिमंडळ

मते मागताना दिलेला शब्द निवडून आल्यावर किती जण पाळतात, असा विषय फराळाच्या ताटाभोवती निघाला, की आपण सारे हसतो. पण एका विधिमंडळाने तो स्वतःच्या पक्षाचे नुकसान सोसून पाळला होता.

ही हकीकत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओरेगन राज्याची. आपल्याकडे राज्यसभेचे सभासद आमदार निवडतात, तसेच त्या काळी अमेरिकेच्या सेनेटचे सभासद राज्याराज्यांची विधिमंडळे निवडीत. त्यात गटबाजीला आणि पैशाच्या थैल्यांना भरपूर वाव असे. १८९७ साली तर या निवडीच्या भांडणापायी ओरेगनच्या कनिष्ठ सभागृहाचे कामकाजच सुरू होऊ शकले नाही.

तरुणपणी लोहारकाम केलेला आणि पुढे वकील झालेला विल्यम यूरेन या प्रकाराला विटला होता. देशाची घटना बदलणे एकट्या राज्याच्या हाती नव्हते. तेव्हा त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती काढली. १९०४ च्या कायद्याने जनतेने सेनेटरविषयी आपली पसंती मतपेटीतून सांगायची. आणि विधिमंडळाच्या उमेदवाराने, इच्छा असल्यास, आधीच लिहून द्यायचे, की ‘माझी आवड काहीही असो, लोकांनी निवडलेल्यालाच मी मत देईन.’ सही करण्याची सक्ती मुळीच नव्हती.

खरी कसोटी लागली ती १९०८ च्या जूनमध्ये. मतदारांनी विधिमंडळ भरले ते रिपब्लिकनांनी. पण त्याच मतदारांनी सेनेटसाठी डेमोक्रॅटिक पक्षाचे गव्हर्नर जॉर्ज चेंबरलेन यांना रिपब्लिकन उमेदवार केक यांच्यापेक्षा सुमारे दीड हजार मते अधिक दिली! आता काय करावे? नव्वद सभासदांपैकी निम्म्याहून अधिकांनी सह्या केलेल्या. एकीकडे पक्ष, दुसरीकडे स्वतःचे अक्षर. सही मोडली तरी कोणी तुरुंगात टाकणार नव्हते.

जानेवारी १९०९ मध्ये मतदान झाले. रिपब्लिकन सभासदांनी आपल्या विरोधकाला मते दिली आणि चेंबरलेन सेनेटर झाले. पुढे १९१३ साली घटनादुरुस्तीने सेनेटर निवडण्याचा हक्क साऱ्या अमेरिकेतील मतदारांना मिळाला.

घटनेतले कलम पुढे आले. त्याआधी काही माणसांनी केवळ सहीची लाज राखली होती. कायद्याला बळ येते ते अशा लाजेतूनच, नाही का?